आत्याने इंजिन उघडलं

माझ्या आत्याचा राग येणारा-जाणारा नव्हता. तो तिच्याकडे कायमचा मुक्कामाला होता. आरोग्य खात्यात तिने बत्तीस वर्षं काढली. पहिली दहा ऑपरेशन थिएटरमध्ये आणि पुढची बावीस डोंगरातल्या वस्त्यांवर फिरती नर्स म्हणून. त्या काळात तिने डॉक्टर, कारकून, ड्रायव्हर, बाळंतिणींच्या सासवा, कुणाला म्हणून सोडलं नाही. लग्न का केलं नाहीस असं विचारलं तर म्हणायची, "दिवसभर ओरडून घरी यायचं आणि परत कुणावर तरी ओरडायचं, एवढा घसा कुणाचा आहे?" गावात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सिस्टर म्हटलं की तीच. गावातल्या निम्म्या लोकांची नाळ तिने कापलेली. त्यामुळे लोक तिला टरकून असत आणि ती सांगेल ते खरं धरत. या दुसऱ्या गोष्टीनेच पुढे घात केला.

तिची जीप तिच्याहून चारच वर्षांनी लहान. खात्याने फिरतीसाठी दिलेली, मळकट हिरवी, वर कापडी छत, दाराच्या जागी नुसता पट्टा. खात्याचा ड्रायव्हर निवृत्त झाला, दुसरा मिळेना, तेव्हा आत्याने स्वतः चालवायला शिकून घेतलं. पुढे खात्याने ती जीप भंगारात काढली तेव्हा तिने ती लिलावात विकत घेतली. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी ती वस्त्यांवर जायची. बाळांची वजनं करायची, जखमा धुवायची, गोळ्या वाटायची. कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या दोन वस्त्यांच्या वाटेवर दुसरी गाडी चढतच नसे, म्हणून ही जीप चालू असणं हा काही नुसता हौसेचा मामला नव्हता.

ज्या गुरुवारी ती बंद पडली, त्या दिवशी मी बरोबर होते. मी तिच्या भावाची मुलगी. शाळेत शिकवते, गुरुवारी सुट्टी असली की तिच्याबरोबर जाते. शेवटच्या चढावर तेलाचा काटा एकदम खाली पडला आणि खालून खट्‌खट् आवाज यायला लागला. आत्याने त्याच क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. जीप तशीच उताराने पायथ्याला सोडली आणि तिथून ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. अंगणात तिने मला दहा सेकंदांपुरतं इंजिन चालू करायला लावलं आणि स्वतः खाली झोपून स्टेथोस्कोप लावला.

"तिसऱ्या सिलिंडरखाली," ती बाहेर येऊन म्हणाली. "बेअरिंग गेलंय. दहा महिन्यांत! सोडत नाही मी त्याला."

'त्याला' म्हणजे मिस्त्रीला. बाजाराच्या टोकाला त्याचं गॅरेज. जुन्या गाड्यांची इंजिनं बांधावीत तर त्यानेच, असं लोक म्हणत. दहा महिन्यांपूर्वी आत्याच्या जीपचं अख्खं इंजिन त्यानेच खोलून नव्याने बांधलं होतं. त्याच्या दोन्ही मुली आत्याच्या हातावर जन्मलेल्या. तो तिला अहो-जाहो करायचा, ती त्याला अरे-तुरे. दोघांचं बरं चाललं होतं.

आम्ही गेलो तेव्हा गॅरेजमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "सिस्टर, मध्ये कधी तेलाचं झाकण-बिकण उघडं राहिलं होतं का? आत काही गेलं असेल तर..."

"म्हणजे मी निष्काळजी?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस? बत्तीस वर्षं काढलीत मी माणसांच्या जिवाशी खेळ होऊ नये म्हणून. मला झाकण लावायला शिकवतोस?"

"गाडी ओढून आणतो उद्या. चेंबर खोलून बघू. माझी चूक निघाली तर मी..."

"चूक नाही, चोरी! जुनीच बेअरिंग पुसून परत बसवलीस तू. आणि आता माझ्यावर ढकलतोस."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मिस्त्रीच्या हातात पाना होता. तो त्याने सावकाश टेबलावर ठेवला. "हा शब्द मागे घ्या, सिस्टर."

"घेत नाही. आणि माझ्या गाडीला तुझा हात लागणार नाही."

तिथे थांबली असती तरी निभावलं असतं. पण पुढचे पंधरा दिवस आत्या जिथे गेली तिथे हेच बोलली. दूधवाल्याला सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं. मी एकदा दबकत म्हटलं, "आत्या, इंजिन उघडून तरी बघू आधी." तर मलाच झापलं. "पोट दुखतंय कुठे हे कळायला पोट फाडावं लागत नाही मला."

लोकांनी विश्वास ठेवला. सिस्टर खोटं कशाला बोलेल? आरोग्य केंद्राच्या दोन्ही रुग्णवाहिका मिस्त्रीकडे दुरुस्तीला जायच्या. तिथले डॉक्टर शिकाऊ असताना आत्याच्या हाताखाली शिव्या खाऊन तयार झालेले. त्यांनी ते काम काढून घेतलं आणि शहरातल्या गॅरेजला दिलं. महिन्याभरात मिस्त्रीच्या गॅरेजपुढची गाड्यांची रांग आटली. अकरा वर्षं त्याच्याकडे असलेला फिटर दुसरीकडे गेला. हे सगळं कळलं तेव्हा आत्या म्हणाली, "बरं झालं." मला ते आवडलं नाही. पण मीही काही बोलले नाही, हे कबूल करायला हवं.

मग तिने जाहीर केलं की इंजिन ती स्वतः उघडणार.

"इंजिन आहे ते, पेशंट नाही," माझे बाबा म्हणाले. ते तिचे थोरले भाऊ, तिला घाबरत नसलेले गावातले एकमेव गृहस्थ.

"म्हणूनच सोपं आहे, दादा. हात लावल्यावर बोंबलत नाही."

जीपबरोबर खात्याचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आलं होतं, तेलाच्या बोटांनी पानं काळी झालेलं. आत्याने ते तीन दिवस वाचलं, समासात पेन्सिलीने खुणा केल्या. मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जीप घेतली, चारही बाजूंनी जाड लाकडी ठोकळे लावून उचलली आणि खाली जुनी सतरंजी अंथरली. पाने तिने इनॅमलच्या ट्रेमध्ये लहान-मोठे असे ओळीने मांडले. काढलेल्या प्रत्येक बोल्टला चिकटपट्टी लावून नंबर घातला. रॉकेल ओतायला हॉस्पिटलमधला एनिमाचा जुना डबा काढला. मी हसले तर म्हणाली, "हसू नकोस, धार बघ किती बारीक पडते."

रविवारी सकाळी आम्ही दोघी जीपखाली शिरलो. तेल आधीच काढून घेतलं होतं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाला असलेलं तेलाचं पसरट भांडं. ते वीसेक बोल्टांवर धरलेलं असतं. त्यातले निम्मे सुटले, निम्मे गंजून बसलेले. आत्या प्रत्येकाला शिव्या घालत होती. एक बोल्ट सुटेना तेव्हा तिने त्याला आरोग्य खात्याच्या जुन्या उपसंचालकांचं नाव देऊन टाकलं आणि मग असा हिसडा मारला की तो लगेच सुटला. सांध्यातलं गॅस्केट चिकटलं होतं. मी कडेने सुरी फिरवत गेले. शेवटी चेंबर सुटून आमच्या हातात आलं आणि उरलंसुरलं काळं तेल आत्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"टॉर्च," ती म्हणाली.

तेल शोषून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला एक जाळी असते. त्या जाळीवर काहीतरी लपेटून बसलं होतं. काळंकुट्ट, ओलं, मुठीएवढं. मला वाटलं उंदीर आहे. आत्याने चिमटा मागितला, ते हळूहळू ओढून काढलं आणि रॉकेलमध्ये खळबळलं. काळं निघून गेलं आणि चौकटीचौकटीचं विरळ कापड दिसायला लागलं. कडेला निळा दोरा.

गॉज. हॉस्पिटलमधलं, पट्टीचं गॉज.

दोघींनाही एकदमच आठवलं. जीप बंद पडायच्या महिनाभर आधी वस्तीच्या वाटेवर तेल भरायच्या नळीचं झाकण कुठेतरी उडून पडलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून आत्याने गॉजचा बोळा करून त्या तोंडात खुपसला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नवं झाकण आणलं. लावायला गेलो तर बोळा जागेवर नव्हता. "पडला असेल वाटेत," ती म्हणाली होती, आणि झाकण फिरवून बसवलं होतं.

बोळा आत पडला, जाळी बुजली आणि बेअरिंगला तेल मिळेनासं झालं. मिस्त्रीने विचारलं होतं ते नेमकं हेच.

आत्या जीपखालून बाहेर आली. भिंतीला टेकून बसली.   थिएटरमधली एक गोष्ट ती पुष्कळदा सांगायची. पेशंटचं पोट शिवायच्या आधी आत घातलेले गॉजचे तुकडे मोजून घ्यायचे असतात. एकदा एक कमी भरला. मोठे सर्जन म्हणाले, तुमची मोजणी चुकली, मी शिवतोय. बावीस वर्षांची ही पोरगी टेबलापाशी वाट अडवून उभी राहिली. म्हणाली, शिवा बघू कसे शिवता. सर्जन वाट्टेल ते बोलले. तुकडा पोटातच निघाला. त्या एका गोष्टीवर ती आयुष्यभर ताठ मानेने चालली होती.

थोड्या वेळाने तिने तो बोळा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"बेअरिंगच वाईट होतं," ती म्हणाली. "हे निमित्त झालं असेल फार तर."

मी पुन्हा खाली शिरले. तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडचे बोल्ट सैल केले, बेअरिंगचे दोन्ही अर्धगोल काढून तिच्यापुढे धरले. आतली बाजू खरवडून गेली होती. पण पाठीमागे कंपनीचा शिक्का होता, त्याखाली साल होतं. गेल्या वर्षीचं.

"नवीच होती, आत्या. त्याने नवीच घातली होती."

"माझ्यापुढे नाचवू नकोस ते."

"तू त्याला चोर म्हणालीस. सगळ्या गावात."

"मग काय करू? दवंडी पिटू? हे कुणी बघितलंय?"

"मी बघितलंय!"

माझा आवाज इतका चढेल असं मलाच वाटलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडत होते, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. त्याचा फिटर गेला, त्याच्या गॅरेजपुढे कुत्रं फिरकत नाही, तू 'बरं झालं' म्हणालीस, आणि आता कचऱ्याच्या डब्यात लपवतेस? आत्याने पाना उचलून पत्र्यावर भिरकावला. दण्णकन आवाज झाला. "चालती हो माझ्या अंगणातून," ती म्हणाली. मी तेलकट हातांनीच घरी आले आणि आईने विचारलं तर तिच्यावरही ओरडले.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं तर आत्या कडक इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्या दारात उभी. हातात वर्तमानपत्राची पुडी. "शाळेत उशिरा येते म्हणून कळव. माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "एकटी गेले तर मी त्याच्याशीच भांडून परत येईन."

गॅरेजमध्ये मिस्त्री एकटाच होता. स्टुलावर बसून एक कार्ब्युरेटर साफ करत होता. आत्याने पुडी त्याच्यापुढे उघडली, शेजारी बेअरिंग ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. "चूक माझी होती. बेअरिंग तुम्ही नवीच घातली होतीत. मी तुम्हाला चोर म्हटलं, ते खोटं होतं." त्याला अहो-जाहो केल्याचं तिच्या लक्षातही आलं नसावं. मिस्त्रीच्या मात्र आलं. त्याने मान वर केली.

"झालं बोलून?"

"झालं."

"मग ऐका. मला का सांगताय? मला माहीतच होतं मी चोर नाही." त्याचा आवाज चढला नाही, पण हातातला ब्रश त्याने बाजूला ठेवला. "माझी धाकटी शाळेतून रडत आली. वर्गात कुणीतरी म्हणालं, तुझा बाप जुने पार्ट विकतो. काय सांगू तिला? सिस्टर येऊन कानात माफी मागून गेल्या? जिथे जिथे बोललात ना, तिथे तिथे जा. दारोदार जा. आणि मला परत तोंड दाखवू नका."

बाहेर आल्यावर आत्या संतापाने लाल झाली होती. "कसा बोलतो बघ! मी त्याच्या आईच्या वयाची!"

"बरोबरच बोलला तो," मी म्हटलं.

"बरोबर बोलला म्हणूनच तर संताप येतोय मला!"

ती दारोदार गेली. जुन्या फिरतीसारखी यादी केली, रोज संध्याकाळी चारला निघायची, पायी. नऊ दिवस लागले. माफी मागायची तिची पद्धत अशी की ऐकणाऱ्यालाच वाटावं आपलं काहीतरी चुकलंय. औषधाच्या दुकानात भर गर्दीत ती कडाडली, "मिस्त्रीबद्दल मी जे बोलले ते साफ खोटं. गॉज माझं होतं, इंजिनात मी घातलं. कळलं सगळ्यांना? ज्याला कळलं नाही त्याने आत्ता विचारा." कुणी विचारलं नाही.

दूधवाला तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "जाऊ द्या हो सिस्टर. तसाही तो मिस्त्री काही..."

"तसाही म्हणजे कसाही?" आत्याने त्याला धरलं. "तुझी गाडी त्याने कधी बिघडवली? सांग ना. नाही बिघडवली? मग मी बोलल्यावर मान का डोलावलीस? मी उद्या म्हणेन तू दुधात पाणी घालतोस. खरं होईल का ते?" दूधवाला गडबडीने निघून गेला. ती मला म्हणाली, "एकानेही मला उलटं विचारलं नाही गं. एकानेही नाही." तो राग लोकांवरचा होता की स्वतःवरचा, मला सांगता येणार नाही. नऊ दिवसांत तिचा चेहरा उतरला.

आरोग्य केंद्रात मात्र डाळ शिजली नाही. डॉक्टर वरमले, पण शहरातल्या गॅरेजचा दोन वर्षांचा करार होऊन गेला होता. कारकून म्हणाला, तोंडी सांगून काही होत नाही, लेखी द्या. आत्याने लेखी दिलं. त्यात गॉजचं सगळं लिहिलं, खाली सही केली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत स्वतःविरुद्ध लिहिलेला तिचा तो पहिला अर्ज. वरून उत्तर आलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ती जाऊन कारकुनाला फैलावर घ्यायची. कारकुनाने एक तारखेला रजा टाकायला सुरुवात केली, तेव्हा ती दोन तारखेला जायला लागली.

इंजिन पुढे आम्ही दोघींनीच पुरं केलं. क्रँकवर, म्हणजे बेअरिंग ज्याला धरून असतं त्या दांड्यावर, ओरखडे होते, पण खोल नव्हते. बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्यावर गुंडाळून, दोरीने पुढे-मागे ओढत आत्याने तीन दुपारी ते गुळगुळीत केलं. बोट फिरवून बघायची आणि पुन्हा ओढायला लागायची. नवी बेअरिंग मी शहरातून आणली. तेलाचे सगळे मार्ग रॉकेलने आणि मग सायकलच्या पंपाने साफ केले. चेंबर परत चढवायच्या आधी तिने मला वापरलेल्या चिंध्या मोजायला लावल्या. सात घेतल्या होत्या, सात भरल्या. "परत मोज," ती म्हणाली. मी परत मोजल्या.

नवं तेल घालून पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा आत्याचं लक्ष आवाजाकडे नव्हतंच. ती काट्याकडे बघत होती. काटा जरा घुटमळला आणि वर चढला. मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "टाळ्या कसल्या? बिघडवलं मी, नीट केलं मी. बरोबरी झाली नुसती."

मिस्त्री त्यानंतर तिच्याशी बोलला नाही. त्याची गिऱ्हाइकं हळूहळू परत आली, सगळी नाही. फिटर परत आला नाही. करार संपल्यावर एक रुग्णवाहिका त्याच्याकडे आली, दुसरी शहरातच राहिली. रस्त्यात आमची जीप दिसली की तो दुसरीकडे बघायचा. आत्या म्हणायची, "बघू दे. त्याची मान आहे."

गेल्या वर्षी एका दुपारी आम्ही डोंगराच्या पायथ्याशी अडकलो. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप बसला होता. आत्याने बॉनेट उघडून अर्धा तास खटपट केली, पण पंपातला रबरी पडदाच फाटलेला. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात मिस्त्रीची स्कूटर आली. पुढे गेली. थोड्या अंतरावर थांबली आणि वळून परत आली.

तो उतरला, आमच्याकडे न बघता बॉनेटखाली वाकला. स्कूटरच्या डिकीतून रबराचा तुकडा काढला, कात्रीने गोल कापला, पंप उघडून बसवला. वीस मिनिटं. आत्याने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. इंजिन चालू झाल्यावर क्षणभर कान देऊन उभा राहिला, बॉनेट आपटून लावलं आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. तोंडातून एक अक्षर नाही.

आत्याने बाटली मागच्या सीटवर आपटली. "एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का?" ती म्हणाली.

"तू तरी आभार मानायचेस."

"मानले असते तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं," ती म्हणाली. "आणि त्याला नाही द्यायचं. नको तर नको."

मग तिने गिअर टाकला आणि चुकीच्या बाजूने अंगावर येणाऱ्या टेम्पोवाल्याला अशी शिवी हासडली की तो बिचारा थेट रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला.